पुलीवरची खूण

...आणि वर जो तो मलाच विचारायचा, 'वहिनी, पुलीवरची खूण बघितली का?' अहो, बघितली! पंधरा दिवस सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी मी ती खूणच बघत होते! नवऱ्याचं तोंड इतक्या वेळा बघितलं नसेल मी आयुष्यात... तुम्हाला सांगते, लोखंडाच्या एका चाकावर नखाएवढी एक रेघ असते, आणि त्या रेघेनं आमच्या घरात पंधरा दिवस जो धुमाकूळ घातला ना, तो माझ्या सगळ्या सासरच्यांनी मिळून वीस वर्षांत घातला नसेल. आणि त्यांनी काही कमी घातलेला नाही, हेही सांगून ठेवते.

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, बाईला घरी कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती इथे येऊन आमच्यावर राग काढतेय. बोललेच आहेत, पण ते नंतर येईल.

आमची लॉन्ड्री आहे. चार शर्टांना इस्त्री मारून देणारी टपरी नव्हे, चांगली भट्टीबिट्टी असलेली लॉन्ड्री. हॉस्पिटलच्या चादरी, दोन लॉजचे टॉवेल, सगळं आमच्याकडे. आणि हे गठ्ठे आणायला-पोचवायला एक डिझेल व्हॅन. वय विचारू नका. आमच्या लग्नापेक्षा जुनी आहे आणि लग्नापेक्षा कमी कटकटीची आहे, एवढंच सांगते. ती माझ्या बाबांची. त्यांनी तिच्यावर पार्सलं वाहिली, मी तिच्यावर गाडी शिकले, आणि त्यांची नजर अधू झाली तेव्हा किल्ली त्यांनी भावाला नाही दिली, माझ्या हातात दिली. दर रविवारी सकाळी दहाला बाबांचा फोन येतो. पहिला प्रश्न काय? पोरी कशी आहेस? छे! 'गाडी काय म्हणते?' मग मी फोन इंजिनाजवळ धरायचा, मग ते ऐकणार, मग 'हं' म्हणणार, आणि मग माझी चौकशी. वेळ उरला तर जावयाची.

तर या गाडीचा डिझेल पंप गळायला लागला. एवढंच! गाडी पळत होती झकास, फक्त पंपाखाली डबडं ठेवावं लागायचं. आमचे हे म्हणाले, 'आपण पंप दुरुस्तीला पाठवू.' म्हटलं पाठवा. मिस्त्रीनं येऊन पंप काढला, दुकानात पाठवला, नवे वायसर-बियसर घालून आठवड्यानं परत आला. आणि मधल्या काळात आमच्या ह्यांनी काय केलं असेल?

इंजिन धुतलं!

अहो, लॉन्ड्रीवाला माणूस! डाग दिसला की याचे हात शिवशिवतात. पंप काढल्यावर त्यांना तिथे वीस वर्षांचा मळ दिसला. झालं! सोडा आणला, रॉकेल आणलं, तारेचा ब्रश आणला, आणि दोन दिवस मन लावून असं घासलं, असं घासलं, की इंजिन लग्नाला निघाल्यासारखं दिसायला लागलं. मी बाहेरून आले तर मला म्हणतात, 'बघ!' मी बघितलं. म्हटलं, 'अहो, इथे पंप बसतो त्या जागेवर आणि पंपावरही एक पिवळा पट्टा होता ना रंगाचा? बाबांनी ओढलेला?' तर म्हणे, 'तो डाग होय? फार चिवट होता. पण काढला!'

काढला! बाबांनी पंप कुठल्या जागी बसवायचा त्याची रंगानं केलेली खूण होती ती! दोन पट्टे समोरासमोर आणले की झालं! आणि हा माणूस मला तोंडभर हसून सांगतो, काढला... काय बोलणार? बायकोनं नवऱ्याला स्वच्छता करू नका म्हणून ओरडावं, तर ऐकणारे बायकोलाच वेडी म्हणतील. आणि मिस्त्रीही म्हणाला, 'काही बिघडत नाही ताई, पुलीवर कंपनीची खूण आहे ना. तिच्यावर लावू.'

आता तुम्हाला ही भानगड समजावून सांगते, म्हणजे माझं दुःख कळेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येतो, हवा दाबतो, ती हवा तापून लाल होते, आणि पिस्टन अगदी टोकाला पोचायच्या जरासा आधी पंपानं डिझेलचा फवारा मारायचा. जरासा आधी! पाहुणा जिना चढायला लागला की आपण चहा टाकतो ना, तसं. फार आधी टाकला तर चहाचा काढा होतो, आणि पाहुणा टेकून उठल्यावर टाकला तर मग काय, कप हातात घेऊन त्याच्या मागे पळा! इंजिनाचंही तेच. फवारा लवकर आला तर इंजिन हातोडे बडवल्यासारखं ठोकतं, पिस्टनचं वाटोळं होतं. उशिरा आला तर डिझेल धड जळत नाही, पांढरा धूर येतो आणि गाडीत जीव राहत नाही. मग हा 'जरासा आधी' ठरवायचा कसा? तर इंजिनाच्या पुढच्या पुलीवर एक रेघ असते आणि तिच्यासमोर एक काटा. इंजिन हातानं फिरवायचं, रेघ काट्यासमोर आणायची, आणि नेमक्या त्या क्षणी पंपाच्या पहिल्या नळीतून पडणारा डिझेलचा थेंब थांबला पाहिजे. थांबला की पंप बरोबर लागला. सोपं आहे!

मिस्त्रीनं लावला. रेघ काट्यासमोर, थेंब थांबला, बोल्ट आवळले. सेल्फ मारला. पाच मिनिटं नुसतं घ्यँव घ्यँव घ्यँव... आणि मग सुरू झाली, पण कशी? खोकत! आणि धूर? पांढराशुभ्र! भट्टी फुटली म्हणून कारागीर बायका बाहेर आल्या! वाळत घातलेल्या चाळीस चादरी त्या धुरात गेल्या त्या गेल्याच, परत धुवाव्या लागल्या. हॉस्पिटलच्या दारात जो चढ आहे ना, आमच्या शेडपासूनच सुरू होतो, त्या चढावर अर्ध्यात जाऊन गाडी जी बसली ती बसलीच. गठ्ठे डोक्यावरून नेले.

मिस्त्री खाली वाकला, बघितलं, आणि डॉक्टर नाडी बघून डोळे मिटतात ना, तसे डोळे मिटून म्हणाला, 'खूण तर बरोबर आहे.'

मग म्हणे डिझेलचा फवारा सोडणारे नोजल खराब असतील. चारही नोजल काढले, तपासून आणले. उत्तम! मग म्हणे पाइपात हवा धरली असेल. हवा काढली. मग फिल्टर बदलला. मग पंप परत दुकानात गेला, दुकानदारानं यंत्रावर लावून चिठ्ठी दिली, पंप ठणठणीत. परत बसवला, परत रेघ, परत काटा, परत थेंब, परत पांढरा धूर... आणि परत तेच. 'खूण तर बरोबर आहे.' रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले हो! उंटावरचे शहाणे काय कमी आहेत जगात? एक जण पिशवी खाली ठेवून वाकतो, बॉनेटमध्ये डोकं घालतो, 'ही काय, खूण तर बरोबर आहे,' म्हणतो आणि पिशवी उचलून चालायला लागतो. अरे बाबा, खूण बरोबर आहे हे मलाही दिसतंय! गाडी का चालत नाही ते सांग!

आणि इथे आमचे भाऊजी येतात. भाऊजी म्हणजे माझे दीर. लॉन्ड्रीचा हिशेब-बिशेब ते बघतात, आणि गेलं वर्षभर त्यांच्या डोक्यात एक मोठं रोलरचं इस्त्री मशीन बसलंय. चादर या बाजूनं घालायची, त्या बाजूनं कडक होऊन बाहेर. मशीन चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते ठेवायचं कुठे? तर शेडमध्ये, गाडीच्या जागेवर! गाडी पळत होती तोवर बोलता येत नव्हतं. आता ते आले, हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली, वाकले, आणि काय म्हणाले ओळखा?

'खूण तर बरोबर आहे, वहिनी. म्हणजे गाडीच संपली. वय झालं की होतं असं. मी भंगारवाल्याशी बोललोय, रविवारी दहाला येतो. मशीन सोमवारी येतंय.'

बोललोय! येतंय! मला विचारलं नाही, सवरलं नाही! मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ते चादरीची घडी घालत होते. ती चादर आधीच घडी घातलेली होती, पण ते घालत होते... मी म्हटलं, 'भाऊजी, रविवारी दहाला गाडी धूर न काढता सुरू झाली तर?' ते हसले. म्हणाले, 'तर मग गाडी राहू दे, मशीन मी बाहेर ताडपत्रीखाली ठेवीन.' मी म्हटलं, ऐकलंत ना सगळ्यांनी? सासूबाई कोपऱ्यात स्वेटर विणत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, 'मी ऐकलं.'

आणि रविवारी दहाला फोन कुणाचा? बाबांचा! मागच्या दोन रविवारी मी खोटं बोलले होते. गाडी चादरी पोचवायला गेलीय, म्हटलं. रविवारी कसल्या चादरी? पण ते नुसतं 'हं' म्हणाले. आता तुम्ही म्हणाल, मग बाबांनाच विचारायचं ना सरळ! कसं विचारू? गाडी बिघडली म्हटलं असतं तर तो माणूस तसाच, धड दिसत नसताना, दोन बस बदलून इथे येऊन उभा राहिला असता. आणि काय बघितलं असतं त्यांनी? लेकीला दिलेली गाडी भंगारवाला ओढून नेतोय. नाही हो. मला ते झेपलं नसतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आता हसून सांगतेय म्हणून.

शुक्रवारी दुपारी काय झालं बघा. मिस्त्री बिचारा कंटाळून शेवटचं बघतो म्हणाला. त्यानं पंपाचे तीन बोल्ट सैल केले आणि पंप केसभर इंजिनाकडे कलवला, म्हणजे फवारा जरा लवकर. सेल्फ मारला. आणि तुम्हाला सांगते, धूर पातळ झाला! खोकला कमी झाला! मी म्हटलं, 'राहू दे! राहू दे तसंच! अजून जरा कलव!' तर त्यानं काय करावं? इंजिन बंद केलं, रेघ काट्यासमोर आणली, थेंब बघितला, आणि म्हणतो, 'नाही ताई, थेंब खुणेच्या आधीच थांबतोय. चुकलं.' आणि पंप परत होता तिथे! परत सुरू केली, परत पांढरा धूर, परत खोकला... आणि मिस्त्रीच्या चेहऱ्यावर समाधान! 'आता खूण बरोबर आहे.'

म्हटलं, अरे, गाडी खोकत खोकत तुला सांगतेय की बाबा मला बरं वाटलं, आणि तू तिला म्हणतोस गप्प बस, खुणेला विचार? मी म्हटलं, 'मिस्त्री, आणि खूणच खोटी असली तर?' त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घड्याळात तेरा वाजलेत म्हटलं. 'ताई, खूण कंपनीची असते. तीस वर्षं मी खुणेवर इंजिनं लावतोय. अंदाजानं लवकर लावलं आणि पिस्टन फुटला तर जबाबदार कोण?' हेही खरंच. अंदाजानं नाही चालणार. मला पुरावा पाहिजे होता. पिस्टन खरोखर टोकाला कधी पोचतो, ते कोणी बघितलंय का? सगळे खुणेला विचारतायत. पिस्टनला कोणी विचारलंच नाही!

शनिवारी सकाळी मी गाडीत पडलेलं जुनं पुस्तक काढलं. तेलानं पानं चिकटलेली, पण वाचता आलं: पिस्टन टोकाला पोचायच्या आधी वीस अंशावर फवारा. बरं. चारही नोजल काढले, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. पंख्याकडचं पहिलं भोक उघडं. आता त्यातून पिस्टनपर्यंत काय घालावं? तार घातली तर वाकते. काडी घातली तर मोडून आत पडायची, मग रविवारी भंगारवालाच बरा... मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि माझी नजर सासूबाईंच्या हातावर गेली. स्टीलची विणायची सुई! सरळ, कडक, गुळगुळीत, आणि वरच्या टोकाला गोळा, म्हणजे भोकातून आत पडायची भीतीच नाही! इंजिनासाठीच बनवलीय म्हणा ना!

मी म्हटलं, 'आई, एक सुई देता?' त्या म्हणाल्या, 'कशाला?' मी म्हटलं, 'पिस्टन टोकाला कधी जातो ते बघायचंय.' आता कुठलीही सासू काय म्हणाली असती? या म्हणाल्या, 'बारा नंबर की दहा?'

आणि नुसती सुई दिली नाही हो. स्टूल ओढून समोर येऊन बसल्या, पदर खोचला, आणि म्हणाल्या, पाना मी फिरवते, तू वर बघ. सत्तर वर्षांची बाई! पुलीच्या बोल्टला हातभर लांब पाना लावला आणि भरतकाम करावं तसं एकेक केसभर फिरवायला लागल्या. मी भोकावर अंगठा धरला. आतून हवा दाबून अंगठा उडवायला लागली, म्हणजे पिस्टन दाब घेऊन वर येतोय. मग सुई आत सोडली, तिच्यावर लाल लोकरीची गाठ बांधली. पिस्टन सुईला घेऊन वर वर... आता टोकाशी आला की तो जरा रेंगाळतो, नेमकं टोक डोळ्यांनी कळत नाही. म्हणून युक्ती काय? वर जाताना लोकरीची गाठ भोकाच्या कडेशी आली की थांबा, काट्यासमोर पुलीवर खडूची एक रेघ. फिरवा. पिस्टन टोकाला जाऊन खाली उतरायला लागला, गाठ परत त्याच कडेशी आली की थांबा, दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधोमध काय? टोक! खरंखुरं टोक! सुईवर केलेलं, डोळ्यादेखत!

तीन वेळा केलं. सासूबाई नुसत्या 'अजून?' म्हणायच्या, मी 'अजून' म्हणायचे. तीनही वेळा खडू तिथेच आला. मग मी आमच्या ह्यांना हाक मारली. म्हटलं, 'पडदे मोजायची टेप आणा, आणि हिशेब तुम्ही करा.' आणि तुम्हाला सांगते, त्या माणसानं त्या दिवशी पंधरा दिवसांचं पाप धुतलं. पुलीभोवती टेप गुंडाळली: चौपन्न सेंटिमीटर. भागिले तीनशे साठ, एक अंश म्हणजे दीड मिलिमीटर. वीस अंश म्हणजे तीन सेंटिमीटर. म्हणजे कंपनीची रेघ टोकाच्या तीन सेंटिमीटर आधी पाहिजे. टेप लावली. किती निघाली? एक सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर!

एक बोटभर खोटी! चांगली माझ्या मधल्या बोटाच्या जाडीएवढी! खूण खोटी! पंधरा दिवस ज्या खुणेपुढे सगळ्यांनी माना डोलावल्या, ती खूण तिथे बसून सगळ्यांना धडधडीत फसवत होती!

मिस्त्रीला बोलावून आणलं. तो आला, त्यानं खडू बघितला, सुई बघितली, स्वतः पाना फिरवून एकदा करून बघितलं. मग टेप लावली. मग खाली बसून पुलीच्या आतल्या बाजूला नख लावलं. त्या पुलीचे दोन भाग असतात, आतला आणि बाहेरचा, आणि मध्ये रबर. ते रबर कुजून लगद्यासारखं हाताला आलं. बाहेरचं कडं रबरावरून सरकलं होतं, आणि रेघ बाहेरच्या कड्यावर! मिस्त्रीनं बोटाला लागलेलं रबर पुसलं. मग म्हणाला, 'ताई, खूण चुकली होती.'

तीस वर्षांच्या कारागिरानं बाईमाणसासमोर असं म्हणायला मोठं मन लागतं, हे मी मानते. मी काही चिडवलं नाही. म्हणजे त्याच्यासमोर नाही... त्यानंच छिन्नी घेतली, पुलीच्या आतल्या भागावर नवी रेघ मारली, तिच्यावर थेंब जुळवून पंप आवळला, नोजल, पाइप सगळं जागच्या जागी. आणि सेल्फ मारावा तर बॅटरी मेलेली! पंधरा दिवस घ्यँव घ्यँव करून तिचा जीव गेला होता. चार्जिंगला लावली. म्हणजे आता पहिला सेल्फ मारायचा तो थेट रविवारी. सगळ्यांसमोर.

रविवारी पावणेदहाला भंगारवाला ट्रक घेऊन हजर. ट्रक कसला, आमच्या गाडीची थोरली बहीण! दारात उभा केला आणि इंजिन चालूच. नुसता खडखडाट! भाऊजी म्हणाले, बंद करा की. तो म्हणे, 'नको साहेब, बंद केला की परत लागताना नखरे करतो.' पण भाऊजींना माझी फजिती कान भरून ऐकायची होती ना! ते म्हणाले, 'करा हो बंद, वहिनींची गाडी कशी लागते ते ऐकू तर येऊ दे.' त्यानं बिचाऱ्यानं केला बंद.

कारागीर बायका ओळीनं उभ्या. सासूबाई स्टुलावर. आमच्या ह्यांच्या हातात परत तीच चादर. मी आत बसले, किल्ली फिरवली... घ्यँ... आणि लागली! अर्धा सेल्फ! अर्धा! आणि धूर? शोधा! मागच्या नळकांड्यावर आमच्या ह्यांनी ती पांढरी चादर धरली हो, पांढरी! आणि वर करून सगळ्यांना दाखवली. डाग नाही! मिस्त्रीनं टोपी काढली. बायकांनी टाळ्या पिटल्या. मी रडले. हो, रडले, लाज कसली त्यात?

आणि बरोबर दहाला फोन. 'गाडी काय म्हणते?' मी सरळ फोन इंजिनाजवळ धरला. बाबांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, 'पंप काढला होतास का गं?' आवाजावरून! मी म्हटलं हो. तर म्हणतात, 'अगं मग त्या पुलीवरच्या खुणेवर लावू नकोस हं, ती कधीचीच सरकलीय. तुला सांगायचं राहूनच गेलं. म्हणून तर मी पिवळे पट्टे ओढून ठेवले होते.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पंधरा दिवस! चाळीस चादरी! एका फोनचं काम!

मी म्हटलं, 'बाबा, कळलं मला ते. सुईनं बघितलं.' मग म्हणाले, 'तू बघितलंस? एकटीनं?' म्हटलं, मी आणि सासूबाईंनी. ते म्हणाले, 'मला दोन वर्षं लागली होती ते कळायला.' आणि फोन ठेवला. माझी चौकशी करायची राहिलीच. पण त्या दिवशी मला तिची गरज नव्हती हो.

भंगारवाला म्हणाला, 'साहेब, असलं इंजिन मी नाही तोडत, पाप लागेल,' आणि जायला निघाला. सेल्फ मारला. घ्यँव... परत मारला. घ्यँव... ट्रक लागेना! दारात आडवा! आता हसावं की काय करावं? मी म्हटलं, दोर आणा. आमच्या गाडीला मागून दोर बांधला, त्याच्या ट्रकला पुढून, आणि ज्या चढावर माझी गाडी मोकळी चढत नव्हती, त्याच चढावर तिनं तो अख्खा ट्रक ओढत नेला! पार हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत! तिला ओढून न्यायला आलेला ट्रक तिच्याच मागे दोरानं! खिडक्या-खिडक्यांतून लोक बघत होते. मी हॉर्न वाजवत नेला, कशाला खोटं बोलू. वर नेऊन दोर सोडला, त्यानं रिव्हर्स टाकला आणि उताराला सोडला, म्हणजे धक्क्यानं तरी लागेल. कुठलं काय! आला घरंगळत, खड्खड् करत, आणि बरोबर आमच्या शेडच्या दारात येऊन थांबला. तो खाली उतरला, मला हात जोडले आणि म्हणाला, 'बाई, आता तुम्हीच बघा याच्याकडे.' भाऊजींच्या देखत! मग मी काय म्हणणार? जिंकलेल्या माणसाची जीभ लांब असते. मी म्हटलं, लावा आत, दोन दिवसांत देते.

घरचं झालं थोडं आणि भंगारवाल्यानं धाडलं घोडं! तीन आठवडे झाले. गाडी बाहेर उभी, शेडमध्ये ट्रक, आणि भाऊजींचं मशीन ताडपत्रीखाली. भाऊजी आता रोज सकाळी येतात, अगदी अदबीनं विचारतात, 'वहिनी, आज निघेल का?' मी म्हणते, 'बघते, भाऊजी, जरा नाजूक काम आहे.' सुई घालून झाली, टेप लावून झाली, पंप दोनदा काढून झाला. आणि तुम्हाला म्हणून सांगते, घरात बोलू नका... त्याला काय झालंय ते मला काडीचं कळलेलं नाही. पण सांगू कुणाला? जाऊन बसते त्याच्याखाली, अंगावर सावली असते, वाराही चांगला येतो, आणि दर पाच मिनिटांनी पाना पत्र्यावर आपटते. घरात ऐकू गेलं पाहिजे ना, काम चालू आहे म्हणून.